मौखिक साक्ष आणि तिची साधने : किल्लारीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

१

मुलाखतींच्या आधारे संशोधन करणारा पदव्युत्तर विद्यार्थी विभागात येतो तो बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : जमविलेल्या मुलाखतींचे विश्लेषण करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? प्रश्न वरकरणी खरेदीचा वाटतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा त्याच पातळीवर दिले जाते. कोणाजवळ कशाचा परवाना आहे, कोणत्या मार्गदर्शकास कशाची सवय आहे, एवढ्यावर निर्णय होतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू असे दाखविण्याचा आहे की या प्रश्नास एक इतिहास आहे. आणि तो ध्यानात घेतल्यावाचून केलेली निवड संशोधकाच्या सोयीची झाली तरी साक्ष देणाऱ्या माणसास न्याय देणारी होईलच असे नाही.

विवेचनासाठी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि तिच्या परिसरातील भूकंपग्रस्त गावे घेतली आहेत. याची कारणे दोन. मराठी भाषकांच्या एवढ्या मोठ्या समूहास एकाच घटनेविषयी, एकाच काळात आणि इतक्या निरनिराळ्या संस्थांनी प्रश्न विचारल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील. दुसरे असे की हा भूकंप ज्या काळात झाला त्याच काळात मुलाखतींच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअरे पाश्चात्त्य विद्यापीठांतून बाहेर पडून बाजारात येत होती. साधन आणि साक्ष यांची गाठ त्या वेळी का पडू शकली नाही, हे पाहणे उद्बोधक आहे.

२

लोकांच्या तोंडून ऐकलेले टिपून घ्यावे, ताडून पाहावे आणि मांडावे, ही रीत मराठीला नवी नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट अशी की महानुभाव परंपरेने पाठभेद पुसून टाकले नाहीत. एकच लीळा निरनिराळ्या स्मरणांत निरनिराळी असेल, तर तो भेद ‘वासना’ म्हणून, ज्याच्या स्मरणातला असेल त्याच्या नावानिशी नोंदविण्याचा प्रघात तिने पाडला. कोणी सांगितले आणि कसे सांगितले, हे काय सांगितले याच्याइतकेच मोलाचे मानण्याची दृष्टी येथे स्पष्ट दिसते. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर, उताऱ्याचे त्याच्या निवेदकाशी असलेले नाते तुटू न देणे हा गुणात्मक विश्लेषणाचा पहिला नियम होय. आणि तो आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी पाळला गेला आहे.

आधुनिक काळात या कामाचे मुख्य साधन चिठ्ठी हे होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. ग्रंथाग्रंथांतून शब्द वेचून, त्याचे अवतरण व स्थळ लिहून, चिठ्ठ्या कपाटांत लावण्यात आल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली आणि पहिला खंड १९७६ मध्ये डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. मुलाखतींच्या अभ्यासकाची रीतही तत्त्वतः हीच होती. मुलाखतीचा लेखी उतारा करावयाचा, त्याच्या प्रती काढावयाच्या, त्या कात्रीने कापावयाच्या आणि एकेका विषयाच्या पाकिटात टाकावयाच्या. एकच वाक्य दोन विषयांत बसत असेल तर दोन प्रती लागत. आणि कापलेला कपटा मूळ संभाषणात कोठे होता हे मागे लिहून ठेवले नसेल तर तो कायमचा पोरका होई. याच डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी केलेली कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. विस्थापितांना प्रश्न विचारून त्यांच्या पुनर्वसनाचा लेखाजोखा घेण्याची वाट मराठी प्रदेशात किल्लारीच्या पाव शतक आधी अशी मळली गेली होती.

३

यंत्राच्या साह्याने मजकूर लावण्याचा प्रयत्न प्रथम ग्रंथांच्या बाबतीत झाला. इटालियन जेझुइट पंडित रोबेर्तो बुझा यांनी १९४९ मध्ये आयबीएम कंपनीच्या साह्याने टॉमस अक्वायनसच्या ग्रंथांची शब्दसूची हाती घेतली. साठीच्या दशकात हार्वर्ड येथे फिलिप स्टोन व त्यांचे सहकारी यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ ही आज्ञावली तयार केली; ती मजकुरातील शब्द ठरीव वर्गांत मोजीत असे. दोन्ही ठिकाणी यंत्राचे काम शब्द शोधणे व मोजणे एवढेच होते. १९६७ मध्ये ग्लेझर व स्ट्राउस यांनी निराळाच मार्ग मांडला. वर्ग आधी ठरवून मजकुरावर लादू नयेत. मजकूर वाचता वाचता ते घडत जावेत, आणि प्रत्येक नव्या उताऱ्याबरोबर त्यांची पुन्हा पारख व्हावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही रीत चिठ्ठ्यांनी पार पाडणे फार जिकिरीचे होते, कारण वर्ग बदलला की सगळी पाकिटे पुन्हा लावावी लागत. मुलाखतींच्या सॉफ्टवेअरचा जन्म या जिकिरीतून झाला.

ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ लिन रिचर्ड्स आणि त्यांचे पती, संगणकशास्त्रज्ञ टॉम रिचर्ड्स, यांनी १९८१ पासून ‘नडिस्ट’ ही आज्ञावली घडविली. अमेरिकेत जॉन सायडेल यांची ‘एथ्नोग्राफ’ ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आली. जर्मनीत उडो कुकार्ट्झ यांची ‘मॅक्स’ १९८९ मध्ये निघाली. तिचाच पुढील अवतार म्हणजे ‘मॅक्सक्यूडीए’. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातील एका प्रकल्पातून टोमास मूर यांची ‘अ‍ॅटलस-टीआय’ निपजली व १९९३ मध्ये विक्रीस आली. ‘नडिस्ट’च्या कर्त्यांनी १९९९ मध्ये ‘एनव्हिवो’ बाजारात आणली.

या सर्वांचे काम मुळात एकच आहे. मजकुराचा एखादा तुकडा निवडावयाचा, त्यास एक किंवा अनेक संकेत जोडावयाचे, आणि मागाहून एका संकेताखालचे सर्व तुकडे त्यांच्या मूळ ठिकाणासह समोर आणावयाचे. कात्री आणि पाकीट यांचेच हे यांत्रिक रूप. फरक इतकाच की येथे कपटा पोरका होत नाही आणि पाकिटाचे नाव बदलणे सोपे असते. अर्थ लावण्याचे काम वाचणाऱ्याकडेच राहते. ही गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी, कारण सॉफ्टवेअर विश्लेषण करून देते या समजुतीने अनेक प्रबंधांतील पद्धतीचे प्रकरण अमुक आज्ञावली वापरली एवढ्या एका वाक्यात आटोपलेले आढळते.

४

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, सुमारे ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. जाडजूड दगडी भिंती, त्यांत चिखलाचा दर्जा आणि वर मातीचे जड माळवद, अशी या भागातील जुन्या घरांची रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरे लोक झोपेत असतानाच कोसळली. त्याआधी १९९२ मध्ये किल्लारीत भूकंपाचे लहान धक्के बसले होते; त्यामुळे ‘आधी काय जाणवले व त्याचा अर्थ काय लावला’ हा प्रश्न प्रत्येक साक्षीत येणे स्वाभाविक होते.

जागतिक बँकेच्या अर्थसाह्याने १९९४ पासून जो पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला त्यात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार कुटुंबांचे वर्ग पाडून २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. टाटा समाजविज्ञान संस्थेने भूकंपग्रस्त गावांत पाहणी केली. घरांच्या दुरुस्ती व मजबुतीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्फत शेकडो गावांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून काम करू लागल्या. अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, बँकेचे सल्लागार असे अनेक लोक प्रश्नावल्या घेऊन या गावांतून फिरले. लोक मराठीत बोलले. परंतु त्यांच्या बोलण्याचे जे सार धोरणकर्त्यांच्या व विद्वानांच्या हाती पडले ते बव्हंशी इंग्रजीत होते.

याचे एक कारण निधी देणाऱ्यांची भाषा हे होय. दुसरे कारण साधनांत होते. त्या काळची सॉफ्टवेअरे रोमन लिपीतील साधा मजकूर गृहीत धरून रचलेली होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा मानक संकेत १९८८ मध्ये तयार होऊन १९९१ मध्ये सुधारला गेला होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीचा समावेश होता. परंतु मानक कागदावर असणे निराळे आणि ते कार्यालयातील यंत्रात उतरणे निराळे. महाराष्ट्रातील छापखाने व कचेऱ्या त्या वेळी निरनिराळ्या खासगी टंकांवर चालत. त्यांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराची आकृती बसविलेली असे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी संचयात व्यंजनाआधी पडे, आणि टंक बदलला की मजकूर अगम्य चिन्हांची रांग होई. घरोघरच्या संगणकांत देवनागरी युनिकोड लिहिण्या-वाचण्याची सोय विंडोज २००० नंतरच रुळू लागली. किल्लारीच्या पुनर्वसनाची मुख्य वर्षे तोपर्यंत उलटून गेली होती. त्या वर्षांत ज्याला नव्या सॉफ्टवेअरचा उपयोग करावयाचा असेल त्याच्यापुढे मुलाखत आधी इंग्रजीत नेण्यावाचून व्यवहार्य मार्ग नव्हता.

५

भाषांतराने काय हरवते, हे भाषाशास्त्राच्या अंगाने पाहणे आवश्यक आहे. लातूर-नांदेडकडील बोलीत ‘करूलालो’, ‘जाऊलाली’ अशी रूपे नित्याची आहेत. त्यांचा संबंध ‘लागणे’ या क्रियापदाशी उघड दिसतो. परंतु त्यांचा अर्थ प्रमाण मराठीतील ‘करू लागलो’ याच्याहून वेगळा आहे. प्रमाण भाषेत ते रूप क्रियेचा आरंभ दाखविते, बोलीत क्रिया चालू असल्याचे दाखविते. समजा, एखाद्या स्त्रीने त्या पहाटेचे वर्णन करताना ‘भिंत हालूलाली’ असे म्हटले, आणि लेखनिकाने ते शुद्ध करण्याच्या हेतूने ‘भिंत हलू लागली’ असे उतरविले, तर जी क्रिया सांगणारीच्या डोळ्यांसमोर अजून चालू आहे ती एक सुरुवात होऊन संपलेली घटना बनते. इंग्रजीत नेताना तर काळ ठरविल्याशिवाय वाक्यच लिहिता येत नाही. ज्या अभ्यासकास स्मृती आणि आघात यांचा संबंध तपासावयाचा आहे त्याच्या दृष्टीने पुरावाच बदलला.

शब्दांचेही तसेच. ‘पुनर्वसन’ हा शासकीय भाषेत एका प्रक्रियेचा निर्देश करणारा शब्द आहे. परंतु महाराष्ट्रात ठिकठिकाणी तो नव्या वसाहतीचे नाव म्हणूनही रूढ झाला आहे, इतका की माणसे पुनर्वसनात राहतात. प्रक्रिया कागदोपत्री संपली तरी ठिकाण राहते. ‘पुनर्वसन’ या एकाच संकेताखाली दोन्ही अर्थ घातले, तर घराविषयीची तक्रार आणि पत्ता यांची सरमिसळ होईल.

यात भर पडते ती बोलीच्या अभ्यासातील आपल्या उणिवेची. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीच्या दशकात डॉ. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची जी माला काढली तिचे प्रसिद्ध भाग बहुतांशी कोकण व किनाऱ्याच्या बोलींवर आहेत. मराठवाड्याच्या बोलीला, तीतील कानडी व दखनीच्या संस्कारांसह, तितक्या तपशिलाचे व्याकरण त्या मालेतून मिळाले नाही. यास्तव किल्लारीच्या मुलाखतींचा लेखी उतारा करणारा माणूस कसोटीला लागतो, आणि त्याच्या हातचे चूक-बरोबर तपासण्यास पाठीशी कोश नसतो.

६

आज परिस्थिती पालटली आहे. युनिकोड सर्वत्र रूढ झाले असून प्रमुख सॉफ्टवेअरांत देवनागरी मजकूर उघडता येतो व त्यावर संकेत घालता येतात. तरीसुद्धा निवड करण्यापूर्वी पुढील कसोट्या प्रत्यक्ष लावून पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी आपल्याच सामग्रीतील दहा पानांचा उतारा पुरेसा आहे.

पहिली कसोटी लिपीची. ‘शेतकऱ्याला’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित होतो : कधी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, कधी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. भूकंपग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलाखतींत हा शब्द शोधून निम्मीच स्थळे हाती आली, तर दोष यंत्राचा मानावयाचा की आपला? उतारे आरंभीच एका पद्धतीत आणणे हाच यावरील उपाय होय.

दुसरी कसोटी व्याकरणाची. मराठी नामास विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. ‘माळवद’ शोधले असता ‘माळवदाखाली’ सापडेल, कारण मूळ अक्षरे तशीच राहतात. परंतु ‘जमीन’ शोधले असता ‘जमिनीला’ सापडणार नाही, ‘मूल’ शोधले असता ‘मुलाला’ सापडणार नाही आणि ‘भाऊ’ शोधले असता ‘भावाला’ सापडणार नाही. भूकंपाच्या साक्षींत हेच तर कळीचे शब्द. शब्दांची वारंवारता मोजून रंगीत चित्रे काढून देणारी जी सोय विक्रेते पुढे करतात, तिच्यावर मराठीपुरता भरवसा ठेवू नये. सॉफ्टवेअरात आकृतिबंध देऊन शोध घेता येतो की नाही, हे मात्र अवश्य पाहावे.

तिसरी कसोटी आवाजाची. लेखी उतारा ही साक्षीची सावली आहे. मूळ साक्ष ध्वनीत आहे. नेदरलंड्समधील निमेगेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘इलॅन’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर ध्वनिफितीच्या प्रत्येक क्षणाशी लेखी ओळ जोडून देते, आणि एकाखाली एक अनेक ओळी ठेवू देते. एका ओळीत बोलीचे जसेच्या तसे रूप, तिच्याखाली प्रमाण रूप, त्याखाली गरज असल्यास भाषांतर, अशी मांडणी केल्यास ‘हालूलाली’ व ‘हलू लागली’ यांपैकी एकाचा बळी देण्याचे कारण उरत नाही. शोध प्रमाण ओळीत घ्यावा, अर्थ बोलीच्या ओळीत वाचावा.

चौथी कसोटी आयुष्याची. सॉफ्टवेअर हे व्यापारी वस्तू असेल तर त्याचा मालक बदलतो. ‘एनव्हिवो’ व ‘अ‍ॅटलस-टीआय’ ही एकेकाळची प्रतिस्पर्धी नावे. २०२४ पासून ती ‘ल्युमिव्हेरो’ या एकाच कंपनीच्या छत्राखाली आली आहेत. विनामूल्य साधनेही अमर नसतात. ‘आरक्यूडीए’ ही एके काळी लोकप्रिय मुक्त आज्ञावली ज्या घटकावर उभी होती तो मागे पडल्याने वापरातून गेली. यास्तव ज्या सॉफ्टवेअरातून काम बाहेर काढता येत नाही ते घेऊ नये. एका सॉफ्टवेअरातील काम दुसऱ्यात नेण्यासाठी ‘रेफी’ नावाचे मानक तयार झाले असून २०१९ पासून संकेतांसह संपूर्ण प्रकल्पाची देवघेव त्यातून करता येते. ते मानक पाळले जाते की नाही, हे परवान्याच्या किमतीआधी विचारावे.

पाचवी कसोटी विश्वासाची. लहान गावात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो. घरातील किती माणसे गेली, घर कोणत्या आळीत होते, एवढ्यावरून गावकरी नाव सांगतो. अशी साक्ष परदेशस्थ संगणकावर ठेवणाऱ्या, अथवा २०२३ पासून अनेक विक्रेत्यांनी जोडलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयीकडे सोपविणाऱ्या संशोधकाने सांगणाऱ्याची त्या गोष्टीस संमती घेतली आहे काय? त्याच वर्षी संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने हा विषय केवळ सौजन्याचा ठेवलेला नाही. शिवाय मोठाल्या यंत्रणांचे शिक्षण मुख्यतः प्रमाण भाषेवर झालेले असते. बोलीतील रूप त्यांना चूक भासते आणि त्या ते मुकाट्याने ‘सुधारतात’. नव्वदीच्या दशकात भाषांतरकाराने जे केले तेच येथे अधिक वेगाने आणि कोणाच्या लक्षात न येता होते.

या कसोट्या लावल्या असता सामान्य विभागासाठी पुढील निवड योग्य ठरावी. लेखी उताऱ्यासाठी ‘इलॅन’. संकेत घालण्यासाठी ‘क्वालकोडर’ अथवा, केवळ मजकूर असेल व विद्यार्थी नवखा असेल तर, ‘टॅगेट’. ही तिन्ही विनामूल्य असून आपल्याच संगणकावर, इंटरनेटवाचून चालतात. अनेक संशोधकांचा मोठा प्रकल्प असेल, गटाने एकाच वेळी काम करावयाचे असेल आणि निधी उपलब्ध असेल, तर व्यापारी सॉफ्टवेअर घेण्यास हरकत नाही. त्यांची शोधयंत्रणा व तुलनेचे तक्ते निश्चितच अधिक सफाईदार आहेत. मात्र कोणतेही साधन घेतले तरी मूळ ध्वनिफिती आणि साध्या युनिकोड मजकुरातील उतारे ही विभागाची खरी ठेव समजावी, आणि ती सॉफ्टवेअरच्या बाहेर, दोन ठिकाणी जपावी.

७

किल्लारीच्या भूकंपास तीन दशके उलटली आहेत. त्या पहाटे जे दहा वर्षांचे होते त्यांनी चाळिशी ओलांडली आहे. जे चाळिशीत होते, ज्यांनी ढिगारे उपसले आणि पुढे नव्या घराचा वर्ग ठरताना कचेरीत उभे राहिले, ते आज सत्तरीच्या पलीकडे आहेत. भूकंपापूर्वी मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात असलेला हा भाग १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आला. म्हणजे या विद्यापीठाचे वय आणि किल्लारीच्या नव्या वसाहतीचे वय जवळजवळ एकच आहे. पहिल्या वर्षांत नोंदविलेल्या फिती ज्यांच्याजवळ असतील त्यांच्याकडून मिळवून त्यांचे अंकीय रूपांतर करणे, आणि हयात माणसांची साक्ष त्यांच्या बोलीत पुन्हा नोंदविणे, ही दोन्ही कामे आता पुढे ढकलण्यासारखी नाहीत. चुंबकीय फीत आणि मानवी स्मरण, दोन्ही झिजत असतात.

लीळाचरित्राच्या परंपरेने प्रत्येक पाठाला त्याच्या सांगणाऱ्याचे नाव चिकटवून ठेवले, म्हणून आज सात शतकांनंतरही आपण पाठभेदाची चर्चा करू शकतो. आपल्या हाती असलेली साधने तिच्यापेक्षा शतपट समर्थ आहेत. पुढील पिढीतील अभ्यासकास किल्लारीची साक्ष किल्लारीच्याच शब्दांत वाचता येईल आणि आपण तिचा लावलेला अर्थ तपासता येईल, असे साधन निवडणे एवढेच आपले काम आहे. त्यासाठी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन उताऱ्याची एक समान पद्धती ठरविली, तर सॉफ्टवेअरचा प्रश्न निम्म्याहून अधिक आपोआप सुटेल.